गाडीचा फ्युएल पंप : घरी बदलावा की मिस्त्रीकडे द्यावा?

छोट्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याचे चालते-फिरते दुकान. दुकानाचे शटर एक दिवस बंद राहिले तर गिऱ्हाईक उद्या तरी येते. पण माल पोहोचवणारी गाडी पहाटे सुरू झाली नाही, तर त्या दिवसाचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते आणि बहुधा परत येत नाही. गेल्या रमजानमध्ये आमच्या परिचयाच्या एका बेकरीवाल्या बंधूंवर हाच प्रसंग आला. सहरीपूर्वी हॉटेलांना पाव पोहोचवायचा होता, माल क्रेटमध्ये भरून तयार होता आणि गाडी काही केल्या सुरू होईना. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, दिवे लखलखीत होते, पण इंजिन पकडत नव्हते. आदल्याच आठवड्यात एका गॅरेजने "प्लग खराब, कॉइल कमजोर" असे सांगून दोन्ही वस्तू बदलल्या होत्या आणि पैसेही घेतले होते. खरा दोष टाकीतल्या पंपात होता.

पुढे जे घडले ते अधिक गंभीर आहे. घाईघाईने या बंधूंनी बेकरीच्या मागच्या आवारातच, भट्टीपासून पंधरा-वीस पावलांवर, पेट्रोलची नळी सोडवायला घेतली. नशीब चांगले की शेजारचे एक वयस्क मिस्त्री नमाजासाठी बाहेर पडले होते. त्यांनी ओरडून थांबवले, गाडी ढकलत मोकळ्या मैदानात नेली, आणि उजाडल्यावर दोघांनी मिळून दोन तासांत पंप बदलला. पैसे वाचले, काम झाले, आणि एक मोठी आफत अल्लाहच्या कृपेने टळली.

या प्रसंगावरून आम्हाला वाटले की या विषयाची नीट माहिती आपल्या पानावर यावी. आपल्या वाचकांत गाडी वापरणारे व्यापारी आहेत, तसेच गॅरेज चालवणारे, स्पेअर पार्ट्स विकणारे आणि भंगाराचा व्यवसाय करणारेही पुष्कळ आहेत. हा लेख सर्वांसाठी आहे.

पंपाचे काम काय?

टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचवणे एवढेच पंपाचे काम. परंतु त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि कोणता पंप आपल्या गाडीत आहे हे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

पहिला प्रकार जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा. अँबॅसडर, प्रीमिअर पद्मिनी, सुरुवातीच्या मारुती ८०० आणि ओम्नी या गाड्यांत तो असे. आपले जुने मिस्त्री याला 'एसी पंप' म्हणतात. हा पंप इंजिनाच्या अंगावर दोन बोल्टांनी बसवलेला असतो. इंजिनातला कॅम फिरला की पंपाची दांडी वर-खाली होते, आतला रबरी पडदा म्हणजे डायफ्राम ओढला जातो आणि पेट्रोल खेचून कार्बोरेटरकडे ढकलले जाते. याला वीज लागत नाही. दाब अगदी कमी असतो, साधारण ३ ते ५ पौंड. उन्हाळ्यात घाट चढताना पद्मिनी टॅक्सीचे चालक या पंपावर ओले फडके ठेवत, हे अनेकांनी पाहिले असेल. इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होई, वाफ पंपाला ढकलता येत नसे आणि गाडी बंद पडे. फडक्याने पंप थंड झाला की पेट्रोल पुन्हा वाहू लागे. पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, पण एसी पंपाच्या गाड्या गावोगावी अजून थोड्याफार आहेत.

दुसरा प्रकार आजच्या सर्व इंजेक्शनच्या म्हणजे एमपीएफआय गाड्यांचा. यात पंप म्हणजे विजेवर चालणारी छोटी मोटर असते आणि ती थेट पेट्रोलच्या टाकीत बुडालेली असते. तिच्याबरोबर खाली कापडी जाळी, बाजूला काटा दाखवणारा फ्लोट आणि बहुतेक गाड्यांत दाब राखणारा रेग्युलेटर अशी सगळी जुळणी एकत्र असते. दाब साधारण ३ बार, म्हणजे ४० पौंडांच्या वर असतो. टायरमध्ये आपण ३० पौंडांच्या आसपास हवा भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या नळीत किती जोर आहे याची कल्पना येईल. हा दाब न सोडता नळी उघडली तर पेट्रोलचा फवारा थेट तोंडावर येतो.

पंप का बिघडतो?

टाकीतली मोटर सतत फिरते आणि तापते. तिला थंड ठेवण्याचे काम भोवतालचे पेट्रोलच करते. जे लोक रोज शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून गाडी कायम रिझर्व्हवर चालवतात, त्यांची मोटर थंड राहत नाही. शिवाय तळाचा गाळ जाळीत अडकतो आणि मोटरवर ताण येतो. आज वाचवलेले पैसे उद्या पंपावर दुपटीने खर्च होतात.

सीएनजी वापरणाऱ्या बंधूंनी याकडे विशेष लक्ष द्यावे. "गाडी गॅसवर चालते, मग पेट्रोल कशाला?" असे म्हणून टाकी कोरडी ठेवण्याची सवय फार पसरली आहे. बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि नंतर गॅसवर जातात. टाकीत पेट्रोल नसेल तर पंप कोरडा फिरतो आणि जळतो. महिनोन् महिने तेच पेट्रोल पडून राहिले तर त्याचा चिकट थर बसतो. आमच्या बेकरीवाल्या बंधूंच्या पंपाचे हेच झाले होते. निदान पाव टाकी पेट्रोल ठेवावे आणि अधूनमधून पाच-दहा किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी.

तिसरे कारण इथेनॉल. आपल्या देशात पेट्रोलमध्ये सरासरी २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते, त्यामुळे टाकीत गंज धरू शकतो. आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वॉशर, डायफ्राम त्याने लवकर फुगतात किंवा तडकतात. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे भाग हे पेट्रोल सोसतील असे केलेले असतात. त्याआधीची जुनी गाडी असेल तर नवी नळी व पॅकिंग घेताना ते इथेनॉल सोसणारे आहे का, हे दुकानदाराला विचारावे.

दोष पंपाचाच आहे का?

पंप बदलण्यापूर्वी दोष नक्की करणे हे अर्धे काम आहे. चांगले पंप काढून फेकले जातात आणि दोष पाच रुपयांच्या फ्यूजचा निघतो, असे गॅरेजमध्ये पुष्कळदा घडते.

विजेचा पंप असेल तर पुढील क्रमाने पाहावे.

१) चावी 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटजवळ कान द्या. दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येऊन बंद झाला पाहिजे. आवाज आला म्हणजे मोटरला वीज मिळते व ती फिरते.

२) आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज पाहा. फ्यूज पेटीच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार गुंडाळून जुगाड करू नये, कारण पुढे वायरच जळते.

३) फ्यूज चांगला असेल तर रिले. त्याच पेटीत त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, उदाहरणार्थ हॉर्नचा. तो तात्पुरता काढून पंपाच्या जागी लावून पाहा. आवाज आला तर पंप निर्दोष आहे.

४) रिलेही चांगला असेल तर पंपाच्या सॉकेटवर मीटर लावून चावी ऑन करा. त्या दोन-तीन सेकंदांत बॅटरीइतके, म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास दाखवले पाहिजे. वीज येते आणि मोटर फिरत नाही, तर मोटर गेली. वीजच येत नसेल तर वायर किंवा अर्थिंग तपासा.

५) मोटर फिरते पण गाडी चढावर दम सोडते, माल भरला की ओढत नाही, तापल्यावर बंद पडते, तर दाब कमी असण्याची शक्यता आहे. हा दाब गेजवरच मोजावा. गेज नसेल तर ओळखीच्या गॅरेजमध्ये मोजून घ्यावा; तेवढी मजुरी देणे स्वस्त पडते. फिल्टर तुंबला तरी हीच लक्षणे दिसतात, म्हणून फिल्टर वेगळा असेल तर आधी तो बदलावा.

एसी पंपाच्या गाडीत तपासणी सोपी आहे. कॉइलची बारीक वायर काढून स्पार्क बंद करा, कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक धातूच्या डब्यात धरा आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोके मारत जोरात आले पाहिजे. थेंब थेंब आले तर पंप कमजोर आहे, किंवा टाकीकडून येणारी नळी कुठेतरी तडकून हवा घेते आहे.

आणखी एक गोष्ट जरूर करा. इंजिनाची ऑइलपट्टी काढून वास घ्या. डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाबरोबर ऑइलही बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पातळ झालेल्या ऑइलवर चालवले तर बेअरिंग जाते आणि शेकड्यांचा खर्च हजारांत जातो.

घरी करू नये ती कामे

डिझेल गाडीचा पंप घरी कधीच उघडू नये. तिथे दाब फार मोठा असतो आणि जुळणी यंत्रावरच करावी लागते. टर्बो पेट्रोल गाड्यांत पुष्कळदा इंजिनावर दुसरा उच्च दाबाचा पंप असतो, त्यालाही हात लावू नये. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या केंद्रातच द्यावी. ज्या गाडीत पंप काढायला पूर्ण टाकी खालून उतरवावी लागते, ते काम जॅकवर गाडी उभी करून घरी करणे धोक्याचे आहे. त्यासाठी लिफ्ट किंवा खड्डा असलेले गॅरेजच बरे. मागच्या सीटखाली झाकण असून तिथून पंप निघत असेल, किंवा इंजिनावरचा एसी पंप असेल, तरच हे काम घरी करण्यासारखे आहे.

आधी सुरक्षितता

पेट्रोल जळते ते त्याच्या वाफेमुळे. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत दूरच्या चुलीपर्यंत, भट्टीपर्यंत पोहोचते आणि तिथून आग उलटी गाडीकडे येते. म्हणूनच भट्टी पंधरा-वीस पावलांवर असणे म्हणजे भट्टी दूर असणे नव्हे.

काम दिवसाउजेडी आणि उघड्यावर करावे. बंद गॅरेज, अरुंद गल्ली, वेल्डिंगचे दुकान, बेकरी, हॉटेल यांच्या जवळ करू नये. विडी-सिगारेट, उदबत्ती, गॅस, सगळे बंद. मोबाइल बाजूला ठेवावा. मुलांना दूर ठेवावे. जवळ एबीसी प्रकारचे कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि वाळूची बादली ठेवावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारले तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरते. एकट्याने काम करू नये. सुती कपडे घालावेत. नायलॉनच्या कपड्यांत घर्षणाने ठिणगी उठू शकते.

तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती बंद करा. एक घोट जरी श्वासनळीत गेला तरी फुप्फुसाला इजा होते. कुणाच्या पोटात पेट्रोल गेलेच तर उलटी काढायला लावू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावे. काढलेले पेट्रोल धातूच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. मुले ते पाणी समजून पितात. गटारात तर कधीच ओतू नये.

शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे हे वाचकांना सांगायला नको. दाट वस्तीत निष्काळजीपणे उघडलेली पेट्रोलची नळी हा शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

टाकीतला पंप बदलण्याची रीत

टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल असताना काम करावे. टाकी भरलेली असेल तर झाकण काढताच पेट्रोल सीटखाली येते. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरचा वाल्व बंद करावा आणि गॅसच्या नळीला हात लावू नये.

पहिली पायरी दाब सोडण्याची. पेट्रोल भरायचे झाकण उघडून परत लावा, म्हणजे टाकीतली कोंडलेली वाफ निघेल. मग पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा आणि इंजिन पेट्रोलवर सुरू करा. नळीतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेल. त्यानंतर दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. पंप बंदच पडलेला असला तरी काही वेळ सेल्फ मारून उरलेला दाब सोडावा. आता बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधून ठेवा. पुढचे काम संपेपर्यंत ती जोडायची नाही.

मागच्या सीटची बैठक उचला. खाली झाकण दिसेल. ते काढण्यापूर्वी व काढल्यानंतर आजूबाजूची धूळ ब्रशने आणि ओल्या फडक्याने पूर्ण साफ करा. घाईत हीच पायरी गाळली जाते. वर्षानुवर्षांची माती टाकीत पडली तर नवी जाळी महिन्याभरात तुंबते आणि दोष नव्या पंपाला लागतो.

विजेचे सॉकेट काढा. नळ्यांवर फडके गुंडाळून क्लिप दाबा आणि नळी सरळ ओढा. प्लास्टिकचा कोंब जुना झालेला असतो, वाकवला तर तुटतो. कोणती नळी कुठली हे ओळखायला रंगीत दोरा बांधा. वरची कडी चुडीची असेल तर लाकडाचा तुकडा लावून हळूहळू ठोका. लोखंडी छिन्नी लावू नका, ठिणगी उडते. बोल्ट असतील तर समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा.

जुळणी वर घेताना ती तिरकी करावी लागते, कारण फ्लोटची तार आत अडकते. ओढाताण केली तर तार वाकते आणि नंतर काटा चुकीचे पेट्रोल दाखवतो. वर आल्यावर क्षणभर टाकीवरच धरा, पेट्रोल निथळू द्या, मग धातूच्या थाळीत ठेवा. टाकीच्या तोंडावर स्वच्छ फडके झाका.

आता जुनी जाळी पाहा. काळी झाली असेल किंवा तांबूस चिखल दिसत असेल, तर टाकीत गंज वा पाणी आहे. अशा वेळी टाकी साफ करून घेतल्याशिवाय नवा पंप घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे.

पुढे दोन मार्ग आहेत. पूर्ण जुळणी नवी घ्यावी, किंवा नुसती मोटर बदलावी. मोटर पुष्कळ स्वस्त पडते आणि हात बसलेल्या माणसाला ते जमते. परंतु मोटरची प्लस-मायनस वायर उलटी लागली तर ती उलटी फिरते आणि दाब येत नाही. जुळणीच्या आतली छोटी नळी पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलीच वापरावी. साधी रबरी नळी बाहेरून पेट्रोल लागून काही महिन्यांत विरघळते. जाळी नवीच घालावी. नवी मोटर 'चालते का बघू' म्हणून हवेत फिरवून पाहू नये. कोरडी फिरल्याने ती खराब होते आणि पेट्रोलच्या वाफेत ठिणगी पडण्याचा धोका वेगळाच.

बसवताना वरचे रबरी रिंग-पॅकिंग दर वेळी नवे घालावे. जुने फुगलेले असते, पुन्हा बसत नाही. त्यावर सिलिकॉनचा लेप लावू नये. पेट्रोलने तो सुटतो आणि तुकडे जाळीत जातात. कडी किंवा बोल्ट समान घट्ट करा. नळ्या 'टिक' आवाज येईपर्यंत दाबा आणि ओढून खात्री करा. सॉकेट लावा, फ्यूज लावा, शेवटी बॅटरी जोडा.

लगेच सेल्फ मारू नका. चावी ऑन करून तीन सेकंद थांबा, बंद करा, असे तीन-चार वेळा करा. नळी पेट्रोलने भरते. आता सीटखाली टॉर्चने पाहा, हात फिरवा, वास घ्या. कोरडे असेल तर इंजिन सुरू करा, दहा मिनिटे चालू ठेवा आणि पुन्हा पाहा. त्यानंतरच झाकण व सीट लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचे दार उघडताच पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता परत उघडा.

एसी पंप बदलताना

इंजिन थंड असावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी. पंपाला दोन किंवा तीन नळ्या असतात: टाकीकडून येणारी, कार्बोरेटरकडे जाणारी आणि काहींत परत जाणारी. तिन्हींना खूण करा. टाकीकडच्या नळीत लगेच बोल्ट घालून तोंड बंद करा.

दोन नट सोडले की पंप निघतो. त्यामागे काळा, जाडसर बेकेलाइटचा तुकडा असतो. पुष्कळ लोक तो निरुपयोगी समजून फेकतात. तो इंजिनाची उष्णता अडवतो आणि दांडीचे अंतरही ठरवतो. तो काढला तर दांडी जास्त दाबली जाऊन मोडते. दुहेरी लावला तर पंप पुरते पेट्रोल ओढत नाही. काही इंजिनांत आत सुटी लोखंडी दांडी असते, ती घरंगळून हरवू नये म्हणून पंप काढताच काढून घ्यावी आणि बसवताना आठवणीने घालावी.

जुने पॅकिंग खरवडताना भोकात फडके कोंबावे, नाहीतर तुकडे इंजिनात पडतात. नवा पंप बसवताना फार जोर लागत असेल तर कॅमचा उंचवटा दांडीसमोर आलेला असतो. तेव्हा बोल्ट ओढून बसवू नका. इंजिन हाताने थोडे फिरवा, पंप सहज टेकेल. दोन्ही नट आळीपाळीने घट्ट करा. नळ्यांना नव्या क्लिपा लावा. इंजिन सुरू करून पंपाखाली कोरडा कागद धरा. ओल दिसली तर लगेच बंद करा.

पार्ट्स घेताना आणि विकताना

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ येथे गाडीचे भाग विकणारी दुकाने ओळीने आहेत आणि तिथे आपले पुष्कळ बंधू प्रामाणिकपणे व्यवसाय करतात. तरीही खरेदी करताना गाडीचे वर्ष आणि जुन्या भागावरचा नंबर बरोबर न्यावा. सारख्या दिसणाऱ्या दोन पंपांचा दाब वेगळा असू शकतो. सील, होलोग्राम, छपाई तपासावी, पक्के बिल घ्यावे. फार स्वस्त मिळणारा 'कंपनीचा' पंप बहुधा कंपनीचा नसतो. भंगारातल्या गाडीतून काढलेला पंप घ्यायचाच असेल तर तो वापरलेला आहे हे जाणून, त्या भावानेच घ्यावा. तो किती दिवस चालेल हे कुणीच सांगू शकत नाही.

येथे विक्रेत्या व गॅरेजवाल्या बंधूंना दोन शब्द. मालातला दोष लपवून विकणे आपल्या शरीयतमध्ये जायज नाही. वापरलेला पंप धुऊन, नव्या खोक्यात घालून विकणे हा धोका आहे, आणि पेट्रोलच्या बाबतीत तो जिवाचा धोका आहे. वापरलेला माल वापरलेला म्हणून विकण्यात कमीपणा काही नाही. गिऱ्हाईक परत येते ते याच दुकानात.

गॅरेजवाल्यांनी काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा, बिलावर नेमके काय बदलले ते लिहावे. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याजवळची अमानत आहे. दोष न तपासता एकामागून एक वस्तू बदलत जाणे आणि प्रत्येकीचे पैसे घेणे यात त्या महिन्याचा गल्ला भरतो, पण रोजीतली बरकत जाते. आमच्या बेकरीवाल्या बंधूंनी त्या गॅरेजशी भांडण केले नाही. ते आता तिथे जात नाहीत, एवढेच. त्यांच्या ओळखीची दहा-बारा माणसेही जात नाहीत.

शेवटी

हे सारे वाचून एखाद्या बंधूला वाटेल की इतका व्याप करण्यापेक्षा मिस्त्रीकडे दिलेले बरे. तसे वाटले तर तेच करावे, त्यात कमीपणा नाही. ज्याच्याकडे मोकळी जागा, योग्य पाने, सोबती आणि सबुरी नाही त्याने पेट्रोलच्या कामाला हात घालू नये. परंतु दोष तपासण्याच्या पहिल्या तीन पायऱ्या, म्हणजे पंपाचा आवाज, फ्यूज आणि रिले, प्रत्येक गाडीवाल्याला आल्याच पाहिजेत. त्यांत पेट्रोलला हात लागत नाही, खर्च होत नाही, आणि गॅरेजमध्ये "पंप गेला" असे कुणी म्हटले तर "वीज येते का पाहिली?" हा एक प्रश्न विचारण्याची हिंमत येते.

ज्यांना यांत्रिक कामाची आवड आहे अशा आपल्या तरुणांनी हे काम एखाद्या जाणकार उस्तादांच्या हाताखाली दोन-तीनदा करून मगच स्वतंत्रपणे करावे. जुन्या मिस्त्रींचा हात आणि कान यांत जे ज्ञान आहे ते त्यांच्याबरोबर जाऊ नये. त्या पहाटे बेकरीच्या आवारात ते वयस्क मिस्त्री वेळेवर आले नसते तर काय झाले असते, याचा विचार आम्ही अजूनही करतो. ते बेकरीवाले बंधू आता टाकीत नेहमी पाव भागाहून जास्त पेट्रोल ठेवतात, आणि भट्टीच्या दाराजवळ त्यांनी वाळूच्या दोन बादल्या भरून ठेवल्या आहेत.